रातकिड्याच्या पावडरीची जागा जवळ्याच्या बरणीशेजारी

जर्मनी, नेदरलँड्स, स्वित्झर्लंड, सिंगापूर, थायलंड अशा ठिकाणी राहणाऱ्या मराठी माणसाला आता दुकानाच्या फळीवर एक नवं पाकीट दिसतं: रातकिड्याची पावडर. रंग भाजलेल्या धणेपुडीसारखा, हाताला नाचणीच्या पिठापेक्षा जाडसर. पाकीट फोडल्यावर आधी भाजलेल्या शेंगदाण्यांचा वास येतो, आणि नाक थोडं जवळ नेलं की सुकटीचा. पाकिटावर मोठ्या अक्षरांत प्रोटीनचा आकडा असतो आणि बहुतेक वेळा व्यायाम करणाऱ्या माणसाचं चित्र.

हे परीक्षण कोणत्या एका कंपनीचं नाही, या मालाचं आहे. दुकानात तो चार रूपांत मिळतो: अख्ख्या किड्याची पावडर, चरबी काढलेली पावडर, अख्खे सुकवलेले किडे किंवा अळ्या, आणि पावडर घातलेले तयार पदार्थ. चारांपैकी अख्ख्या किड्याची पावडर घेण्यासारखी आहे, पण ती ज्या कामासाठी विकली जाते त्या कामासाठी नाही. व्हे प्रोटीनच्या डब्याला पर्याय म्हणून घेतलीत तर पैसे वाया जातील. सुक्या जवळ्यासारखा चवीचा आणि पोषणाचा जिन्नस म्हणून चमचा-दोन चमचे वापरलीत तर ती चांगलं काम करते.

जवळ्याची तुलना केवळ वासावरून केलेली नाही. कोळंबी, खेकडा, जवळा आणि रातकिडा हे सगळे संधिपाद प्राणी. बाहेरचं कवच कायटिनचं, आणि स्नायूंमधली काही प्रथिनं एकमेकांशी इतकी मिळतीजुळती की शरीराची रोगप्रतिकारशक्ती अनेकदा दोहोंत फरक करत नाही. आपण जवळा सोलत नाही, कवचासकट खातो. रातकिड्याची पावडरही कवचासकटच दळलेली असते. म्हणून तिच्या गुणदोषांविषयी कुठलाही प्रश्न पडला की आधी जवळा आठवावा. उत्तर बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

माल तयार कसा होतो ते आधी पाहू, कारण आरोग्याचे निम्मे प्रश्न तिथे ठरतात. बाजारातला बहुतेक माल अकेटा डोमेस्टिकस या जातीचा, म्हणजे घरगुती रातकिड्याचा. साधारण ३० अंश तापमानात, अंड्यांच्या पुठ्ठ्यांच्या चळतींमध्ये तो वाढवतात आणि दीड-दोन महिन्यांत तो काढणीला येतो. काढणीआधी निदान २४ तास त्याला खायला देत नाहीत, म्हणजे आतडं रिकामं होतं. मग गोठवून मारतात, उकळत्या पाण्यातून काढतात, वाळवतात आणि दळतात. उपास घडवला नाही तर किड्याच्या पोटातला कोंडा आणि त्यातले जंतू पावडरीत येतात. उकळणं वगळून नुसतं वाळवलं तर जंतूंची संख्या पुरेशी कमी होत नाही. वाळवताना ओल राहिली तर पावडरीला गुठळ्या होतात आणि बुरशी धरते. चांगल्या पावडरीत ओलावा शेकडा पाचच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो, आणि बरेच उत्पादक तो आकडा मालाच्या माहितीपत्रकात देतात. ज्यांच्याकडे असं पत्रकच नाही त्यांचा माल घेऊ नये.

आता प्रोटीनचा आकडा. युरोपात मान्यता मिळालेल्या मालात अख्ख्या रातकिड्याच्या पावडरीत साधारण ५५ ते ६५ टक्के आणि चरबी अर्धवट काढलेल्या पावडरीत ७४ ते ७८ टक्के प्रथिनं दाखवतात. हे आकडे खोटे नाहीत, पण फुगलेले आहेत. प्रयोगशाळेत प्रथिनं थेट मोजत नाहीत. नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात. मांस आणि दुधासाठी हा हिशेब ठीक बसतो. कीटकाच्या कवचातल्या कायटिनमध्येही नायट्रोजन असतो, आणि तो प्रथिनांच्या खात्यावर जमा होतो. रातकिडा, टोळ आणि पीठकिड्याची अळी (मीलवर्म) या तिघांवर काम करणाऱ्या संशोधकांनी २०२० मध्ये ६.२५ ऐवजी ५.३३ हा गुणक सुचवला. पीठकिड्याच्या अळीसाठी त्याआधी, २०१७ मध्ये, ४.७६ इतका कमी गुणकही सुचवला गेला होता.

घरी हिशेब करायचा तर पाकिटावरचा आकडा ०.८५ ने गुणावा. ६० लिहिलं असेल तर खरे ५१ धरावेत. म्हणजे १० ग्रॅम पावडरीतून ५ ग्रॅम प्रथिनं मिळतात, एका अंड्याहून थोडी कमीच. सोयाच्या वड्यांमध्ये १०० ग्रॅमला ५० ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात, आणि त्यांची किंमत या पावडरीच्या एका कोपऱ्यातही बसत नाही. केवळ प्रथिनांसाठी पैसे मोजणाऱ्यानं हे पाकीट परत फळीवर ठेवावं.

प्रथिनांचा दर्जा मात्र चांगला आहे. आवश्यक अमिनो आम्लं सगळी आहेत. कमी पडतात ती गंधकयुक्त, म्हणजे मेथिओनिन आणि सिस्टीन. तिळात मेथिओनिन भरपूर असतं, ज्वारी-बाजरीत लायसिन हे दुसरं आवश्यक अमिनो आम्ल कमी असतं आणि ते रातकिड्यात बऱ्यापैकी असतं. ज्वारीची भाकरी, तिळाची चटणी आणि चटणीत दोन चमचे पावडर, हे ताट पोषणाच्या हिशेबानं नेमकं बसतं. आपल्या पूर्वीच्या जेवणात भाकरीबरोबर जवळ्याची चटणी होती, तीही याच कारणानं बसत होती.

स्नायूंसाठी उपयोग होतो का, याचं एक नीट केलेलं काम २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. नेदरलँड्समध्ये २४ तरुण, निरोगी पुरुषांना व्यायामानंतर ३० ग्रॅम प्रथिनं दिली, काहींना दुधाची आणि काहींना लहान पीठकिड्याच्या अळ्यांची. स्नायूंमधली नवी प्रथिनं तयार होण्याचा वेग दोन्ही गटांत सारखाच निघाला. पचन आणि शोषणातही अळ्या दुधाच्या मागे पडल्या नाहीत. निष्कर्ष चांगला आहे, पण ३० ग्रॅम प्रथिनांसाठी रातकिड्याची साधारण ६० ग्रॅम पावडर लागेल. तेवढी पावडर एका वेळी कुणी चवीनं खाणार नाही, आणि पोटाला तेवढं कायटिन एकदम देणंही शहाणपणाचं नाही.

पोटाविषयी पाकिटांवर बरंच लिहिलेलं असतं. त्यामागचा अभ्यास खरा आहे, फक्त तो लहान आहे. अमेरिकेत २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात २० निरोगी प्रौढांनी १४ दिवस सकाळच्या न्याहारीत, मफिन आणि शेकमधून, रोज २५ ग्रॅम रातकिड्याची पावडर खाल्ली. मध्ये खंड ठेवून त्याच लोकांनी आणखी १४ दिवस पावडर नसलेली तीच न्याहारी घेतली, आणि कधी काय खातोय हे त्यांना माहीत नव्हतं. पावडरीच्या काळात बायफिडोबॅक्टेरियम अ‍ॅनिमॅलिस हा उपकारक जिवाणू ५.७ पट वाढला आणि रक्तातला टीएनएफ-अल्फा हा दाहाशी संबंधित घटक कमी झाला. रक्ताच्या चाचण्यांत काळजी करण्यासारखं काही आढळलं नाही. म्हणजे निरोगी माणसाला दोन आठवडे रोज २५ ग्रॅम खाऊन त्रास झाला नाही आणि आतड्यात काही चांगलं घडलं, एवढंच यातून म्हणता येतं. 'आतड्याचा दाह बरा करते' असं पाकिटावर असेल तर ते विक्रेत्याचं वाक्य आहे, संशोधकांचं नाही.

कायटिन हा तंतुमय पदार्थच आहे, पण कोंड्यासारखा मऊ नाही. माणसाच्या जठररसात कायटिन फोडणारं विकर (एन्झाइम) असतं. सगळ्यांत ते सारखं काम करत नाही, काहींमध्ये जवळजवळ करतच नाही. म्हणून एकाला १५ ग्रॅम पचते आणि दुसऱ्याचं पोट ५ ग्रॅमला फुगतं. पहिला आठवडा दिवसाला एक सपाट चमचा, तोही शिजवलेल्या जेवणात, आणि पाणी नेहमीपेक्षा जास्त. असं केलं की गॅस आणि बद्धकोष्ठ या दोन्ही तक्रारी बहुतेक टळतात.

लोह आणि जस्ताचे आकडे पाकिटावर चांगले दिसतात आणि जस्ताच्या बाबतीत ते खरंच चांगले आहेत. लोहाबाबत जरा थांबावं. मटणातलं बरंचसं लोह रक्ताच्या रंगद्रव्याला बांधलेलं असतं आणि ते सहज शोषलं जातं. कीटकांच्या शरीरात तांबडं रक्त नाही, त्यामुळे त्यांचं लोह बहुतांशी पालेभाजीतल्या लोहाच्या जातीचं. लिंबू पिळलं तर त्याचं शोषण वाढतं, जेवणाबरोबर चहा घेतला तर घटतं. हिमोग्लोबिन कमी असलेल्या बाईला या पावडरीच्या भरवशावर ठेवू नये. बी-१२ चंही तसंच. जंतू वापरून मोजण्याच्या जुन्या पद्धतीत खऱ्या बी-१२ सारखी दिसणारी पण माणसाच्या उपयोगाची नसलेली संयुगंही मोजली जातात. जातीजातीत, आणि खाद्य बदललं की एकाच जातीतही, आकडा पुष्कळ हलतो. कमतरता असेल तर डॉक्टरांनी दिलेली गोळी किंवा इंजेक्शनच घ्यावं.

आता सगळ्यांत महत्त्वाचं, आणि पाकिटावर सगळ्यांत बारीक अक्षरांत छापलेलं: अ‍ॅलर्जी. ज्याला कोळंबी, खेकडा, शेवंड, सोडे किंवा जवळा खाल्ल्यावर घशात खाज सुटते, ओठ सुजतात, अंगावर गांध्या उठतात किंवा दम लागतो, त्यानं हा माल चाखूही नये. कोळंबीच्या अ‍ॅलर्जीतलं मुख्य प्रथिन ट्रोपोमायोसिन. तेच थोड्या फरकानं रातकिड्यात, टोळात आणि अळ्यांमध्ये आहे. अर्जिनिन कायनेज हे दुसरं. नेदरलँड्समध्ये कोळंबीची अ‍ॅलर्जी असलेल्या १५ जणांना रुग्णालयात, देखरेखीखाली, पीठकिड्याच्या अळ्या खायला दिल्या तेव्हा १३ जणांना प्रतिक्रिया आली. शिजवून, तळून, भाजून ट्रोपोमायोसिन जात नाही, ते उष्णतेला टिकतं. 'पावडर खूप भाजून घेतली की चालेल' ही समजूत जीवघेणी ठरू शकते.

यात एक गट नेहमी विसरला जातो: धुळीतल्या माइट्सची, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक जीवांची, अ‍ॅलर्जी असलेले लोक. त्यांनी आयुष्यात कधी कोळंबी खाल्लेली नसेल, पण माइट्सचं ट्रोपोमायोसिनही याच घराण्यातलं. दमा किंवा सतत शिंका असलेल्या, घरात सदा शाकाहार असलेल्या माणसाला आपल्याला असा धोका आहे हे माहीत असण्याचं कारणच नसतं. युरोपच्या नियमांनुसार पाकिटावर कवचधारी जलचर, शिंपल्यांच्या वर्गातले प्राणी आणि धुळीतले माइट्स या तिन्हींचा उल्लेख करावा लागतो, तो याच कारणासाठी. तो उल्लेख नसलेलं पाकीट घेऊ नका. पावडर चाळताना उडणारी धूळ नुसती श्वासात गेली तरी अशा लोकांना त्रास होऊ शकतो. म्हणून चाळणं त्यांच्या शेजारी करू नये, आणि पाहुण्यांना न सांगता तर हा जिन्नस कधीच खाऊ घालू नये. गंमत म्हणून सुद्धा नाही.

सीलिअ‍ॅक, म्हणजे गव्हातलं ग्लूटेन न चालण्याचा आजार, असलेल्यांसाठी वेगळी सूचना. रातकिड्यात ग्लूटेन नसतं, पण त्याचं खाद्य गव्हाच्या कोंड्याचं असेल तर आतड्यात उरलेला अंश पावडरीत येऊ शकतो. पाकिटावर ग्लूटेनमुक्त असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच घ्यावं. गाऊट किंवा वाढलेलं युरिक अ‍ॅसिड असलेल्यांनी कीटकांना मासळी-मटणाच्या रांगेत बसवावं, कारण ज्यांपासून युरिक अ‍ॅसिड बनतं ती प्युरिन त्यांतही असतात. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी प्रथिनं आणि फॉस्फरस मोजून घ्यायचे असतात. त्यांनी आहारतज्ज्ञाला विचारल्याशिवाय हात लावू नये. गरोदर बायका आणि लहान मुलं यांच्यासाठी उगाच नवा प्रयोग करण्याइतका या पावडरीत विशेष काही नाही.

जंतूंचा प्रश्न शिळ्या भाताच्या प्रश्नासारखा आहे. उकळल्यानं बहुतेक जंतू मरतात, पण बॅसिलस सिरिअससारख्यांचे बीजाणू टिकतात. कोरड्या पावडरीत ते झोपलेले असतात. पावडर पाण्यात किंवा पिठात भिजली आणि ते पीठ ओट्यावर चार तास तसंच राहिलं की जागे होतात. थालीपिठाचं पीठ भिजवून संध्याकाळपर्यंत बाहेर ठेवायची सवय असेल तर ती या पिठाला लावू नका. भिजवलं की लगेच लावा, किंवा फ्रिजमध्ये ठेवा आणि त्याच दिवशी संपवा.

हिस्टामाइनची विषबाधा थायलंडमध्ये तळलेल्या किड्यांमधून झाल्याची नोंद आहे. बर्फाशिवाय पडून राहिलेला बांगडा खाल्ल्यावर तोंड लाल होतं, डोकं दुखतं, अंग खाजतं, तोच हा प्रकार. किडे मेल्यावर थंडीत ठेवले नाहीत तर जंतू हिस्टिडिन या अमिनो आम्लाचं हिस्टामाइन करतात, आणि पुढे कितीही तळलं तरी ते जात नाही. रस्त्यावरच्या गाडीवर कढईशेजारी ढीग लावून ठेवलेले किडे म्हणूनच टाळावेत. समोर गोठवलेल्या पिशवीतून काढून तळणारा विक्रेता बरा.

रानातून धरलेला माल पावडरीच्या वर्गात बसतच नाही. कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे परगण्यात मुलांच्या आणि गरोदर बायकांच्या रक्तात शिसं वाढलेलं आढळलं. शोध घेतल्यावर कारण मेक्सिकोतल्या ओआहाका प्रांतातून घरगुती खाऊ म्हणून आलेल्या नाकतोड्यांपर्यंत पोचलं; ही नोंद २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. नाकतोडा खाणं तिथे फार जुनं आहे, दोष खाण्याचा नव्हता, त्या मालात आलेल्या शिशाचा होता. आपल्याकडे मे २०२० मध्ये अमरावती, वर्धा, नागपूर भागात टोळधाड आली तेव्हा झाडांवर कीटकनाशकं फवारली गेली. असे टोळ गोळा करून खाणं म्हणजे फवारणीचं औषध खाणं. नायजेरियात तर एका रानटी रेशीमकिड्याच्या अळ्यांमध्ये जीवनसत्त्व बी-१ मोडणारं विकर असतं. ज्यांचं जेवण आधीच कसदार नाही अशा लोकांना त्या खाल्ल्यावर हंगामात तोल जाण्याचा विकार होतो. 'कीटक' हा एक पदार्थ नाही, हजारो वेगवेगळे पदार्थ आहेत. एका जातीचा अभ्यास दुसरीला लावू नये. याच कारणानं पक्षी-मासे पाळणाऱ्यांसाठी विकल्या जाणाऱ्या सुक्या अळ्याही माणसानं खाऊ नयेत. त्या स्वस्त असतात, कारण त्यांची तपासणी जनावरांच्या खाद्याच्या नियमांनी होते.

आपल्याकडची जुनी पद्धत या सगळ्याहून वेगळी आहे. गडचिरोलीत आणि बस्तरमध्ये लाल मुंग्यांची चटणी होते. ओडिशाच्या मयूरभंजमधल्या तशाच चटणीला जानेवारी २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या मुंग्या झाडावरच्या घरट्यातून ताज्या काढतात, मिरची-मीठ-लसणाबरोबर लगेच वाटतात आणि संपवतात. साठवण नाही, दळण नाही, प्रवास नाही. पावडरीचे निम्मे धोके तिथे उद्भवतच नाहीत. त्या चटणीचं नाव घेऊन कुणी पावडर विकत असेल तर त्या दोन्हींचा संबंध नावापुरताच आहे हे लक्षात ठेवावं.

आता स्वयंपाकघर. पावडरीत ग्लूटेन नाही, स्टार्च नाही. ती पीठ बांधत नाही, उलट सुटं करते. त्यामुळे प्रमाण हीच मुख्य गोष्ट.

भाकरीसाठी १५० ग्रॅम ज्वारीच्या पिठात १५ ग्रॅम पावडर ही वरची मर्यादा. उकळतं पाणी घालून उकड काढून घ्यावी, नेहमीपेक्षा दोन चमचे पाणी जास्त लागतं, आणि तळहातानं नेहमीपेक्षा जास्त वेळ मळावं. वीस ग्रॅमच्या पुढे गेलात की कडा फाटतात, भाकरी फुगत नाही आणि तव्यावर लवकर काळवंडते. थालीपिठाची भाजणी जास्त सहनशील आहे. १०० ग्रॅम भाजणीला १५ ग्रॅमपर्यंत पावडर चालते, कांदा आणि कोथिंबीर वास झाकतात, आणि धण्या-जिऱ्याची भाजकी चव तिच्याशी जुळते. पिठल्यात घालायची तर आधी बेसनाबरोबर थंड पाण्यात कालवून घ्यावी. उकळत्या पाण्यात कोरडी टाकली की रव्यासारखे कण राहतात आणि ते शिजूनही मऊ होत नाहीत.

सगळ्यांत चांगली ती लसणाच्या चटणीत लागते. १०० ग्रॅम किसलेलं सुकं खोबरं, ३० ग्रॅम तीळ, १२-१५ लसणाच्या पाकळ्या, दोन चमचे लाल तिखट, मीठ, आणि २० ग्रॅम पावडर. खोबरं आणि तीळ वेगवेगळे भाजून घ्यावेत. गॅस बंद करून, गरम कढईतच शेवटी पावडर घालून मिनिटभर परतावी. आधी घातली किंवा फोडणीत टाकली तर ती क्षणात करपते आणि कडू होते. तो कडूपणा गुळानंही जात नाही. ही चटणी जवळ्याच्या चटणीची आठवण करून देते, फक्त दाताखाली वाळू येत नाही. मीठ मात्र बेतानं घाला, आणि जवळ्यासारखी खारट धार येत नाही म्हणून वाढवत जाऊ नका.

दुधात किंवा शेकमध्ये ती विरघळत नाही. तळाशी बसते, शेवटचा घोट चिखलासारखा लागतो. चरबी काढलेली पावडर थोडी बरी मिसळते, पण तिची चव पुठ्ठ्याकडे झुकते, कारण शेंगदाण्यासारखा वास चरबीबरोबर निघून गेलेला असतो. लाडवात घालू नये. बेसनाच्या लाडवात पाच टक्के पावडर घातली तरी तुपात सुकटीचा वास वर येतो आणि वेलची तो दाबू शकत नाही.

अख्खे सुकवलेले रातकिडे आणि टोळ घेतलेत तर पाय आणि पंख काढावेच लागतात. पायांवर बारीक काटे असतात. ते घशाला ओरखडतात, आणि न काढता भरपूर खाल्ले तर आतड्यात अडकतात. एकेक पाय तोडत बसायची गरज नाही. मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंत भाजा, जाड पंच्यात घालून हलक्या हातानं चोळा आणि सुपात पाखडा. पाय-पंख उडून जातात, धड राहतं. गोठवलेले कच्चे मिळाले तर आधी पाच मिनिटं खळखळत्या पाण्यात उकळा, निथळा, मगच भाजा. नुसतं भाजल्यानं आतपर्यंत उष्णता पोचेलच असं नाही आणि आतड्यातले काही जंतू तसेच राहू शकतात. पीठकिड्याच्या अळ्यांना पाय-पंखांचा त्रास नाही. त्यांची चव सौम्य, भाजलेल्या सूर्यफुलाच्या बियांसारखी, आणि प्रथमच खाणाऱ्याला त्याच सोप्या जातात.

तयार पदार्थांत फार वेळ घालवू नये. पास्ता, बिस्किटं, बार यांत पावडर बहुधा शेकडा दहाच्या आसपास किंवा त्याहून कमी असते. बारमध्ये तिच्यापेक्षा खजूर आणि साखर जास्त. प्रोटीन मिळतं ते बहुतेक वाटाण्याचं किंवा डाळीचं, किंमत मात्र रातकिड्याची.

कायद्याचं थोडक्यात. स्वित्झर्लंडनं मे २०१७ पासून रातकिडा, टोळ आणि पीठकिड्याची अळी विकायला परवानगी दिली. युरोपीय संघात पीठकिड्याच्या अळीला २०२१ मध्ये, टोळालाही त्याच वर्षी, घरगुती रातकिड्याला २०२२ मध्ये आणि त्याच्या चरबी काढलेल्या पावडरीला जानेवारी २०२३ मध्ये मान्यता मिळाली. सिंगापूरनं जुलै २०२४ मध्ये १६ जातींना मान्यता दिली. भारतात अशी पावडर खाद्य म्हणून विकायची तर एफएसएसएआयची आधी मंजुरी लागते. ऑनलाइन दिसणाऱ्या पाकिटावर परवान्याचा क्रमांक नसेल तर ते सोडून द्यावं.

शाकाहारी घरांसाठी एक गोष्ट. युरोपात पाकिटावर हिरवा-तांबडा ठिपका नसतो, पण कीटक घातला असेल तर घटकांच्या यादीत त्याचं शास्त्रीय नाव आणि स्थानिक नाव लिहिणं सक्तीचं आहे. रातकिड्यासाठी अकेटा डोमेस्टिकस, पीठकिड्याच्या अळीसाठी टेनेब्रिओ मॉलिटर, टोळासाठी लोकुस्टा मायग्रेटोरिया, लहान पीठकिड्यासाठी अल्फिटोबियस डायपेरिनस. जर्मन पाकिटावर रातकिड्यापुढे 'हाउसग्रिले' असं दिसेल. ही चार नावं मोबाइलमध्ये लिहून ठेवली की ब्रेडच्या फळीसमोर शंका उरत नाही. कीटकांची पावडर ब्रेड-बिस्किटांत चोरून मिसळतात या अफवेला आधार नाही, इतक्या महाग जिनसाची भेसळ कुणाला परवडणार? ई १२० हा तांबडा रंग आणि ई ९०४ ही लाखेची चकाकी मात्र कीटकांपासूनच येते, आणि ती मिठायांमध्ये कित्येक वर्षांपासून आहे.

फोडलेलं पाकीट काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत, फ्रिजमध्ये ठेवावं. अख्ख्या पावडरीत चरबी भरपूर असते, आणि ती बहुतांशी लवकर खवट होणाऱ्या जातीची. स्वयंपाकघराच्या उबेत महिन्या-दीड महिन्यातच वास बदलू लागतो. शेंगदाण्याचा वास जाऊन जुन्या तेलाचा किंवा ऑइलपेंटचा वास आला, किंवा कोरड्या चमच्यानं ढवळताना गुठळ्या लागल्या, तर भाजून वाचवायचा प्रयत्न न करता ती टाकून द्यावी. म्हणून पहिल्यांदा ५० ग्रॅमचं पाकीट घ्या, किलोचं घेऊ नका.